नदीवरचा सूर्यास्त, अर्धा बांधलेला पूल आणि एचडीआर: किती करावे, कुठे थांबावे?

कन्हानकाठ

नमस्कार मंडळी.

नागपूरच्या आसपासच्या नद्यांवर संध्याकाळची छायाचित्रे काढण्याचा मला छंद आहे. सध्या आमच्या भागात नदीवर एका नव्या पुलाचे काम चालू आहे. पूल नेमका कोणता, हे मुद्दामच लिहीत नाही; तिथल्या मंडळींनी मला काठावर उभे राहू देण्याचे सौजन्य दाखवले आहे आणि उद्या तिथे गर्दी झाली तर ते सौजन्य संपेल. सगळे खांब उभे राहिले आहेत, काठाकडच्या गाळ्यांवर (दोन खांबांमधल्या जागांवर) गर्डर म्हणजे आडव्या तुळया चढल्या आहेत, मधले गाळे अजून मोकळे आहेत आणि त्या मोकळ्या जागेतून सूर्य मावळताना दिसतो. पूल पूर्ण झाला की ही चौकट कायमची जाणार, म्हणून काम संपेपर्यंतची एक मालिका करावी असे मनात आहे.

अडचण अशी, की आकाशाच्या हिशेबाने एक्सपोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) ठेवले तर खांब, सळया आणि माणसे काळीठिक्कर होतात, आणि खांबांच्या हिशेबाने ठेवले तर आकाश पांढरेफटक पडते. म्हणून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन चौकटी घेऊन संगणकावर एचडीआर जोडणी, म्हणजे त्या एकत्र करून उजेड-अंधार दोन्हींतला तपशील आणणे, करून पाहिली. आता सारे दिसते, पण खांबांच्या कडेने पांढुरकी प्रभावळ येते, क्रेनच्या दोराचे तुकडे पडतात, नदी आकाशापेक्षा उजळ दिसते आणि नवे कोरे काँक्रीट शंभर वर्षांचे वाटू लागते. तेव्हा जाणकारांना विचारणे असे, की या विषयाला एचडीआर करावे का, करायचे तर कसे, आणि कुठे थांबावे?

तर्रीवाला

फोटो कुठे आहे? फोटोशिवाय छायाचित्रणाचा धागा म्हणजे तर्रीशिवाय पोहे.

सांजसावली

स्पष्ट लिहिते, राग मानू नये. या विषयाला एचडीआर करू नये, असे माझे मत आहे. सूर्याकडे तोंड करून पाहिले की समोरची वस्तू काळी दिसणारच, आणि अर्धवट पुलाची सगळी गंमत त्या काळ्या आकारातच आहे. खांबाच्या डोक्यावरून वर आलेल्या सळयांचा झुपका, क्रेनचा तिरका हात, मचाणावरून चालणारा माणूस हे सारे बाह्यरेषेवरून ओळखू येते. त्याच्या अंगातला शर्ट कोणत्या रंगाचा होता, हे मला कळले नाही तरी चालेल.

शिवाय ज्यांनी बारा-पंधरा वर्षांपूर्वीची हौशी छायाचित्रकारांची प्रदर्शने पाहिली आहेत, त्यांना एचडीआर म्हटले की धडकी भरते. जांभळे ढग, हिरवे विषारी गवत, आणि म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर कोरून काढलेल्यासारख्या सुरकुत्या. एका प्रदर्शनात तर फुटाळ्याचा तलाव मला शीर्षक वाचल्यावर ओळखू आला, आणि मी लहानपणापासून तिथे सूर्यास्त पाहत आले आहे.

पाचवा स्टॉप

सांजसावली ताई, प्रदर्शनांबद्दल पूर्ण सहमत. पण त्याचा ठपका एचडीआरवर ठेवणे बरोबर नाही. काठावर उभे राहून आपण खांबाकडे पाहतो तेव्हा डोळा खांबाच्या उजेडाशी जुळवून घेतो, आकाशाकडे पाहतो तेव्हा आकाशाशी, आणि या दोन्हींचे मिळून एक चित्र मनात तयार होते. कॅमेऱ्याला एका चौकटीत एकच एक्सपोजर मिळते. त्यामुळे काळा खांब हे कॅमेऱ्याने पाहिलेले सत्य आहे, माणसाने पाहिलेलेच असेल असे नाही.

ही खटपट आजची नाही. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने समुद्राची काही चित्रे आकाशासाठी एक आणि पाण्यासाठी दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून छापली, कारण त्या काळचे रसायन निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देई आणि पाणी नीट येईपर्यंत आकाश पांढरे पडे. संगणकावर अनेक एक्सपोजरांतून दृश्यातला मूळ उजेड किती होता हे काढण्याची जी पद्धत पुढे रूढ झाली, ती डेबेवेक आणि मलिक यांनी १९९७ साली मांडली. इथपर्यंत सारे गणित आहे आणि त्यात जांभळे ढग कुठेच नाहीत. ते येतात पुढच्या पायरीवर, म्हणजे उजेडाचा तो प्रचंड पल्ला पडद्याच्या किंवा कागदाच्या तोकड्या पल्ल्यात बसवताना, ज्याला टोन मॅपिंग म्हणतात. तिथे प्रत्येक लहानशा भागाचा कॉन्ट्रास्ट स्वतंत्रपणे ताणला की खांबाच्या कडेला प्रभावळ येते आणि काँक्रीट म्हातारे होते.

कन्हानकाठ यांना उपाय असा सुचवतो, की टोन मॅपिंगऐवजी एक्सपोजर फ्यूजन वापरून पाहावे. ही पद्धत २००७ साली मर्टेन्स आणि सहकाऱ्यांनी मांडली. तिच्यात उजेडाचे गणित न मांडता, प्रत्येक चौकटीतला जो भाग नीट उजळलेला, रंगाने भरलेला आणि तपशीलवार आहे, त्याला जास्त वजन देऊन चौकटी एकमेकींत मिसळतात. एन्फ्यूज हे मोफत साधन याच तत्त्वावर चालते. निकाल थोडा मवाळ येतो, पण नैसर्गिक दिसतो.

गिट्टीवाळू

मी पुलांच्या कामांवर नोकरी करतो, छायाचित्रकार नाही. तरी या धाग्यावर दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण काँक्रीट शंभर वर्षांचे दिसते या तक्रारीचा आम्हाला प्रत्यक्ष त्रास झालेला आहे.

नुकत्याच शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) काढलेल्या खांबाकडे जवळून पाहा. पत्र्यांच्या सांध्यांच्या उभ्या-आडव्या रेषा त्यावर उमटलेल्या असतात. शटरिंग आवळणाऱ्या टाय-रॉडची भोके ओळीने दिसतात आणि ती नंतर बुजवली जातात. क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्यासाठी, गुंडाळलेले गोणपाट जिथे चिकटलेले असते तिथे काँक्रीट गडद आणि जिथे सुकले तिथे फिकट दिसते. काही ठिकाणी क्षारांचे पांढरे ओघळ असतात. वरून आलेल्या सळयांवरचा गंज पाण्याबरोबर खाली उतरून तांबूस पट्टा काढतो. यातले बहुतेक सारे नेहमीचे असते आणि साध्या नजरेला ते जाणवतही नाही. याच खांबाचे छायाचित्र क्लॅरिटी (बारीक तपशिलाचा कॉन्ट्रास्ट वाढवणारी सोय) आणि टोन मॅपिंगच्या सरकपट्ट्या टोकाला नेऊन तयार केले, की सांध्याची रेषा तडा दिसू लागते आणि गंजाचा पट्टा गळती. आमच्या एका कामावरचे असे चित्र समाजमाध्यमांवर 'उद्घाटनाआधीच तडे' या मथळ्याखाली फिरले होते आणि खांबावर माणूस चढवून, सांधा दाखवून सर्वांना समजावता समजावता आठवडा गेला.

म्हणून माझी विनंती आहे, की आकाशाचे काय करायचे ते करा, पण काँक्रीटवर सूक्ष्म कॉन्ट्रास्ट वाढवू नका. आणि ही मालिका जरूर करा. सूर्यास्त रोज होतो, मोकळा गाळा दोन-चार महिनेच मिळतो. खांबांच्या पायासाठी विहिरी उतरवण्याचे काम तर तुमच्या हातून आधीच निसटले आहे. कोरड्या पात्रात वाळूचे बेट करून त्यावर विहिरीचा कडा बसवतात, आतली वाळू ग्रॅबने उपसत तिला खाली खाली उतरवतात, आणि पावसाळ्याचे पाणी येण्याआधी ती ठरलेल्या खोलीला पोहोचावी यासाठी सगळ्यांची धावपळ चाललेली असते. त्याची छायाचित्रे फार कमी लोक काढतात, कारण पूल म्हणावे असे वर काहीच दिसत नसते.

तर्रीवाला

गिट्टीवाळू साहेब, माझ्या लग्नाच्या फोटोंमध्येही असेच तडे दिसतात. क्युरिंग कमी पडले असावे.

वैनगंगेपलीकडचा

मी भंडाऱ्याचा. आंभोऱ्याच्या पुलाचा उल्लेख कोणी कसा केला नाही, याचे आश्चर्य वाटते. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यावर वैनगंगेवर उभा असलेला हा केबल-स्टेड (तिरक्या केबलींनी तोललेला) पूल २०२४ साली खुला झाला. नागपूरकर मंडळी तिथे चैतन्येश्वराच्या दर्शनाला येतात, आपल्याच काठावरून पुलाची छायाचित्रे काढतात आणि सूर्यास्त मिळाला नाही म्हणून परत जातात. नदी ही दोन जिल्ह्यांची सीमा आहे आणि नागपूर जिल्हा पश्चिमेकडे आहे, त्यामुळे तिकडून नदीकडे तोंड केले की सूर्य पाठीशी येतो. सूर्यास्तासमोर पूल हवा असेल तर पूल ओलांडून आमच्या काठावर यावे. चहा पाजण्याची जबाबदारी आमची.

केबल-स्टेड पुलावर एचडीआर करताना एक निराळी अडचण येते. केबली उजळ आकाशासमोर बारीक, तिरक्या रेषांसारख्या दिसतात. कॅमेरा हातात धरून चौकटी घेतल्या असतील तर संगणक त्या एकमेकींवर बसवतो, पण किंचित फरक राहिला तरी केबलीला पायऱ्या पडतात किंवा एकीच्या शेजारी तिचीच फिकट जुळी बहीण उभी राहते. तिथे ट्रायपॉडला पर्याय नाही. नागपुरातल्या रेल्वे रुळांवरच्या रामझुला पुलाच्या केबलींचीही हीच गत होते. तिथे तर खालून गाड्याही जात असतात.

कन्हानकाठ

सर्वांचे आभार. गिट्टीवाळू, तुमचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. तडा दिसेल असे काहीही प्रसिद्ध करणार नाही.

पाचवा स्टॉप, एक शंका आहे. ट्रायपॉड मी वापरतोच, तरी क्रेनचा दोर तुटतो. तो आकड्याला ओझे नसताना झुलत असतो, त्यामुळे तीन चौकटींत तीन ठिकाणी असतो. शिवाय बाजूच्या जुन्या पुलावरून काढायला गेलो तर ट्रक गेला की सारेच हलते. यावर काय करावे?

पाचवा स्टॉप

झुलणाऱ्या दोरासाठी दोन मार्ग आहेत. जोडणी करणाऱ्या बहुतेक प्रणालींत डीघोस्ट नावाची सोय असते; ती चालू केली की हलणाऱ्या भागासाठी एकाच चौकटीतली माहिती घेतली जाते. ती पुरेशी वाटली नाही, तर क्रेन, माणसे आणि पाणी यांसाठी स्वतःच एक चौकट निवडून मास्कने वर बसवावी आणि फक्त आकाश व खांब जोडणीतून घ्यावेत. वेल्डिंग चालू असेल तर ठिणग्यांसाठीही एकच चौकट ठेवावी, एरवी प्रत्येक चौकटीतल्या ठिणग्या गोळा होऊन दिवाळी होते.

आणखी एक. तीन चौकटी दोन-दोन स्टॉपच्या अंतराने घेतल्या की कॅमेऱ्याच्या मूळ पल्ल्यात चार स्टॉपची भर पडते, पाच घेतल्या तर आठची. आजच्या चांगल्या फुल-फ्रेम सेन्सरचा पल्ला सर्वात कमी आयएसओला (संवेदनशीलतेला) सुमारे १४ स्टॉप असतो, आणि स्टॉप म्हणजे उजेडाची दुप्पट, हे लक्षात घेतले तर तो पल्ला लहान नाही. त्यामुळे सूर्य ढगाआड असेल किंवा नुकताच मावळला असेल, तर आकाश जळणार नाही असे एकच रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) छायाचित्र घेऊन अंधारा भाग उचलणे पुष्कळदा पुरते आणि दोराचा प्रश्नच उरत नाही. सूर्याचे बिंब मात्र कोणत्याही सेन्सरच्या आवाक्याबाहेरचे असते. ते पांढरेच ठेवावे. बिंबाला करडा रंग आला की चित्र मेले असे समजावे.

गिट्टीवाळू

ट्रकच्या हादऱ्याबद्दल सांगतो. गर्डर दोन खांबांवर टेकलेला असतो आणि ओझे आले की मध्यभागी सर्वात जास्त लवतो, टेकूवर जवळजवळ लवतच नाही. तेव्हा जुन्या पुलावर उभे राहायचेच असेल तर गाळ्याच्या मधोमध न थांबता, जिथे एक्स्पान्शन जॉइंट (दोन गाळ्यांमधली फट) दिसतो त्याच्या आसपास, म्हणजे खांबाच्या डोक्यावर थांबावे. नेमक्या जॉइंटवर मात्र ट्रायपॉडचा पाय ठेवू नये, कारण चाक त्यावरून गेले की धक्का बसतो. आणि वाहत्या रस्त्यापेक्षा काठ केव्हाही बरा.

निगेटिव्ह

मी फिल्मच्या काळातला आहे, म्हणून विचारतो: ग्रॅज्युएटेड फिल्टर कोणीच का सुचवला नाही? वरचा अर्धा गडद, खालचा पारदर्शक. आकाश आपोआप आवरते आणि संगणकासमोर बसावे लागत नाही.

पाचवा स्टॉप

निगेटिव्ह काका, मोकळ्या नदीवर तो उत्तमच. पण इथे खांब क्षितिज ओलांडून वर आकाशात घुसलेले आहेत. फिल्टर आकाशाबरोबर खांबाचा वरचा अर्धा भागही काळा करील आणि खांबाला मध्येच रंग बदलल्यासारखा पट्टा येईल.

निगेटिव्ह

मान्य. पण मग दुसरे एक ऐका, जे संगणकवाले विसरतात. सूर्य चौकटीत किंवा चौकटीच्या कडेला असताना भिंगांच्या आतल्या परावर्तनांमुळे संपूर्ण चित्रावर फिकट धुके पसरते. सर्वात उजळ चौकटीत हे धुके सर्वात जास्त असते, आणि एचडीआर जोडणी अंधाऱ्या भागाची माहिती नेमकी त्याच चौकटीतून घेते. म्हणून खांबांचा काळा रंग करडा, मळकट येतो आणि मग लोक कॉन्ट्रास्ट वाढवत सुटतात. यावर उपाय साधे आहेत. पुढचे भिंग पुसून घ्यावे, विशेषतः कामाच्या जागी, जिथे सिमेंटची भुकटी सतत उडत असते. संरक्षणासाठी लावलेला यूव्ही फिल्टर सूर्यासमोर काढून ठेवावा. आणि शक्य असेल तर बिंब एखाद्या खांबाच्या कडेआड अर्धे लपेल असे उभे राहावे; धुके बरेच कमी होते आणि ॲपर्चर (भिंगातले उजेडाचे छिद्र) लहान ठेवले असेल तर कडेवर ताराही उमटतो. ॲपर्चरच्या पात्यांची संख्या सम असेल तर ताऱ्याला तितकीच टोके येतात, विषम असेल तर दुप्पट.

ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून टेलिफोटोने सूर्याकडे पाहू नये, हे नवशिक्यांसाठी पुन्हा लिहून ठेवतो.

खिशातला कॅमेरा

एवढा सारा खटाटोप वाचून दम लागला. माझा फोन एका टिचकीत हे सारे करतो.

पाचवा स्टॉप

करतो, पण निराळ्या रीतीने. गूगलने आपल्या फोनसाठी एचडीआर प्लस तयार केले तेव्हा वेगवेगळ्या एक्सपोजरच्या चौकटी न घेता, एकाच कमी एक्सपोजरच्या अनेक चौकटी झटपट घेऊन त्यांची सरासरी काढण्याचा मार्ग धरला. आकाश जळत नाही आणि सरासरीमुळे अंधाऱ्या भागातला दाणेदारपणा कमी होतो, म्हणून तो भाग उचलता येतो. सर्व चौकटी सारख्या आणि छोट्या असल्याने माणसे-गाड्या जुळवणे सोपे जाते. हीच युक्ती मोठ्या कॅमेऱ्यावरही करता येते, हे कन्हानकाठ यांनी लक्षात ठेवावे.

दुसरे असे, की हल्ली फोनवर जे चित्र डोळे दिपवते त्याचे श्रेय बरेचदा पडद्याला असते. अँड्रॉइड १४ पासून अल्ट्रा एचडीआर नावाचा प्रकार आला. त्यात साध्या जेपेगबरोबर कोणता भाग किती जास्त उजळायचा याचा नकाशा साठवलेला असतो आणि पडदा तेवढी ताकद असलेला असेल तर सूर्य खरोखरच चकाकतो. तेच चित्र कागदावर छापले की ती चकाकी नाहीशी होते. मालिका छापायची असेल तर फोनच्या पडद्यावर विसंबू नये.

खिशातला कॅमेरा

आता खरोखरच दम लागला. पण गेल्या वर्षी अंबाझरी तलावावर काढलेला फोटो छापून घेतल्यावर इतका मेलेला का दिसला, ते कळले.

पंचांगवाला

छायाचित्रण मला फारसे कळत नाही, सूर्य थोडाफार कळतो. मालिका करायची आहे म्हणता, तर सूर्य रोज त्याच गाळ्यात मावळणार नाही हे धरून चालावे. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे जूनच्या अखेरीस सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला आणि डिसेंबरच्या अखेरीस तितकाच दक्षिणेला मावळतो. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास ही जागा सर्वात वेगाने सरकते, रोज जवळजवळ एका सूर्यबिंबाएवढी. म्हणजे मार्चमध्ये एक आठवडा चुकला तर सूर्य खांबाच्या डावीकडून उजवीकडे गेलेला असेल. जून आणि डिसेंबरमध्ये मात्र तो आठवडाभर जवळपास एकाच जागी मावळतो.

वेळेचे म्हणाल तर नोव्हेंबरअखेरीस आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास आणि जुलैच्या आरंभी सातच्या सुमारास सूर्यास्त होतो. आपल्या अक्षांशावर सूर्य उभाच खाली उतरतो. बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकल्यापासून ते पूर्ण बुडेपर्यंत दोन मिनिटांपेक्षा थोडाच जास्त वेळ मिळतो. युरोपातले लोक तासभर रेंगाळणाऱ्या सांजप्रकाशाबद्दल लिहितात, ते वाचून आपल्याकडे निवांत बसू नये.

सांजसावली

पंचांगवाला यांच्या प्रतिसादात हवेची भर घालते, कारण किती चौकटी घ्यायच्या हे त्यावरही ठरते. एप्रिल-मे महिन्यांत इकडे हवेत एवढी धूळ असते की सूर्य क्षितिजाच्या बराच वर असतानाच तांबडा आणि मंद होतो. तेव्हा त्याच्याकडे रोखलेले एकच एक्सपोजरही पुष्कळ काही सांगून जाते. उलट पावसाने धुतलेल्या ऑक्टोबरच्या हवेत तो शेवटच्या क्षणापर्यंत डोळे दिपवतो. कन्हानच्या काठावरून कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या चिमण्या चौकटीत येतात, त्यांचा धूरही सूर्यासमोर आला की उजेड खाली आणतो.

आणि कन्हानकाठ यांच्या मूळ प्रश्नातला एक भाग सगळ्यांनी सोडून दिला आहे: नदी आकाशापेक्षा उजळ का दिसते. पाणी हा आरसा असला तरी अपुरा आरसा आहे. सरळ खाली पाहिले तर ते जेमतेम २ टक्के उजेड परत पाठवते, पृष्ठभागाशी १० अंशांच्या तिरक्या कोनातून पाहिले तर सुमारे एकतृतीयांश. म्हणजे प्रतिबिंब हे ज्या आकाशाचे आहे त्या आकाशापेक्षा उजळ असूच शकत नाही, आणि आपल्या पायाजवळचे पाणी दूरच्या पाण्यापेक्षा गडदच हवे. डोळ्याला हे नियम पाठ असतात. एचडीआरमध्ये सावली उचलता उचलता पाणीही उचलले जाते आणि बघणाऱ्याला काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकते. म्हणून मी या प्रकाराच्या विरोधात आहे.

पाचवा स्टॉप

हा मुद्दा शंभर टक्के बरोबर, आणि माझ्याकडून सुटला होता. मात्र यातून एचडीआर करू नये असा अर्थ निघत नाही. पाण्याला आकाशाच्या खाली एक-दीड स्टॉप ठेवावे, एवढाच निघतो.

सांजसावली

तेवढे करणारा एकही माणूस मला अजून भेटलेला नाही.

कलम

अवांतर, पण आवश्यक. कन्हानकाठची कामठी ही लष्करी छावणी आहे. लष्करी हद्दीत किंवा तिच्या दिशेने कॅमेरा रोखताना विचार करावा, आणि फलक लावलेला असेल तर तो वाचावा. रेल्वेच्या पुलावर आणि रुळांच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नये. ड्रोन उडवण्याचा विचार असेल तर २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार लाल, पिवळे आणि हिरवे असे विभाग आखलेले आहेत. शहरात विमानतळ आहे, हवाई दलाचे तळ आहेत, त्यामुळे आधी अधिकृत नकाशा पाहावा. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन कुठेही चालतो, हा गैरसमज आहे. लाल विभागात त्यालाही परवानगी लागते.

तर्रीवाला

कलम साहेब आले म्हणजे धागा आता मोठा झाला.

गिट्टीवाळू

परवानगीला पुरवणी जोडतो. कामाच्या जागी हेल्मेट आणि चकाकणारे जाकीट घातल्याशिवाय आत येऊ नये, उचललेल्या ओझ्याखाली उभे राहू नये, आणि मचाणावर तर मुळीच चढू नये. कामगारांचे जवळून छायाचित्र घ्यायचे असेल तर त्यांना विचारावे; बहुतेक जण हो म्हणतात आणि नंतर चित्र मागतात, तेव्हा ते पाठवण्याची आठवण ठेवावी.

आता कन्हानकाठ यांना एक आतली गोष्ट सांगतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि ओततेवेळी काँक्रीटचे तापमान ४० अंशांपेक्षा जास्त नसावे असे मानक सांगते. त्यामुळे त्या दिवसांत स्लॅब ओतण्याचे काम शक्यतो संध्याकाळी सुरू करून रात्रभर चालवतात, मिश्रणात बर्फ किंवा थंड पाणी वापरतात. काँक्रीट आणणाऱ्या ट्रान्झिट मिक्सरची रांग सूर्यास्ताच्या सुमारास लागते, दिवे लावले जातात आणि आकाशात अजून उजेड असतो. मला वाटते तुम्हाला हवा तो समतोल त्या वेळी आपसूकच मिळेल, कारण काँक्रीटवर दिव्यांचा उजेड पडलेला असेल.

निगेटिव्ह

वा. मग एचडीआरची गरजच निम्मी संपली. फक्त दिव्यांच्या उजेडाची लुकलुक सांभाळावी. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० सेकंदापेक्षा वेगवान ठेवले तर चौकटी-चौकटीत उजेड बदलतो आणि जोडणी फसते.

कन्हानकाठ

हे सारे वाचून मी ठरवले आहे ते असे. कॅमेरा काठावर, एकाच जागी, ट्रायपॉडवर. सर्वात कमी आयएसओ, एफ/८ किंवा एफ/११, रॉ, व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडावर पक्का, आणि चौकटींत फक्त शटरचा वेग बदलायचा, ॲपर्चर नाही. बिंब दिसत असेल तर पाच चौकटी, मावळल्यावर तीन, ढगाळ असेल तर एकच. माणसे, क्रेन आणि पाणी एकाच चौकटीतले. जोडणी फ्यूजनने. काँक्रीटवर क्लॅरिटी शून्य. पाणी आकाशाच्या खाली.

सांजसावली ताईंच्या समाधानासाठी प्रत्येक वेळी आकाशाच्या हिशेबाचे एक काळे छायाचित्रही ठेवणार आहे. मालिकेत दोन्ही प्रकार लावायचे की एकच, हे अजून ठरत नाही.

सांजसावली

दोन्ही लावा, पण शेजारी शेजारी लावू नका; बघणारा चित्र सोडून फरक शोधत बसेल. गाळा मोकळा असलेली चित्रे काळी लावा, कारण तिथे मोकळ्या जागेचा आकारच विषय आहे. गर्डर चढल्यावर, स्लॅब ओतताना, माणसे काम करत असताना तुमचे एचडीआर लावा. तिथे कोण काय करतो आहे हे दिसायला हवे, एवढे मी मान्य करते.

वैनगंगेपलीकडचा

हा निवाडा मला पटला. आंभोऱ्यालाही मी आता केबली काळ्याच ठेवणार.

गिट्टीवाळू

कन्हानकाठ, मधल्या गाळ्यांचे गर्डर कधी चढणार, हे तिथल्या साइट इंजिनिअरला आत्ताच विचारून ठेवा. पात्रात पाणी नसताना क्रेन खाली उतरवून ते काम उरकतात, म्हणजे पावसाळ्यापूर्वी तुमचा मोकळा गाळा बंद होण्याची शक्यता मोठी आहे. पंचांगवाल्यांच्या हिशेबाने सूर्य त्या गाळ्यात कोणत्या तारखांना येतो ते काढा, आणि दोन्ही तारखा जुळत नसतील तर काठावर थोडे डावी-उजवीकडे सरका. गर्डर तुमच्यासाठी थांबणार नाही.

पंचांगवाला

गाळ्याची दिशा होकायंत्राने मोजून अंशांत कळवावी. तारखा मी काढून देतो.